उठबस

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘पन्नाशीनंतरचं आरोग्य’. वीस मिनिटांत एवढ्या मोठ्या विषयाला हात घालण्यापेक्षा मी त्यातली एकच गोष्ट घेतली आहे. आपण दिवसभरात किती बसतो, किती उठतो, आणि त्याचा आपल्या अंगावरच्या चरबीशी, विशेषतः पोटाच्या घेराशी, काय संबंध आहे? जेवणानंतरचं सत्र आहे, तेव्हा ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल उभं राहून ऐकावं. या शाळेत उभं राहून ऐकायची सवय आपल्यापैकी पुष्कळांना आहे, आणि आज कोणी अंगठे धरायला सांगणार नाही.

हा विषय आत्ताच का, तेही सांगते. दहावी होऊन आपल्याला ४० वर्षं झाली. आणखी दोनेक वर्षांत आपल्यातले राज्य सरकारच्या नोकरीतले बरेच जण ५८ पूर्ण करून निवृत्त होतील. नोकरी कितीही बैठी असली तरी ती माणसाला सकाळी घराबाहेर काढते, स्टँडपर्यंत चालवते, साहेबाच्या केबिनपर्यंत चार खेपा घालायला लावते. निवृत्तीनंतर हे सगळं एका दिवसात थांबतं. राहते ती खुर्ची, वर्तमानपत्र, टीव्ही आणि हातातला मोबाइल. डॉक्टर म्हणून मी पाहते की निवृत्तीनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत अनेकांचं पोट सुटतं, साखर वाढते आणि गुडघे कुरकुरू लागतात. सकाळी आपण आपल्यातून गेलेल्या मित्रांना श्रद्धांजली वाहिली. त्यांतले दोघं हृदयविकाराने गेले. ते बसून राहिले म्हणून गेले असं मी मुळीच म्हणणार नाही, तसं म्हणायला कोणताच आधार नाही. पण आपण जे आज इथे आहोत, त्यांच्या हातात काय आहे, एवढं तरी बघू या.

या विषयाची सुरुवात एका बसमधून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर हृदयविकाराची कारणं शोधत होते. त्यांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघं एकाच बसवर, एकाच खात्यात, साधारण एकाच वस्तीतले. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर वर-खाली. एक कंडक्टर रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर तो उशिरा आणि कमी घातक होता. आपली एसटी डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये बसलेला, आणि कंडक्टर गर्दीतून वाट काढत मागच्या बाकापर्यंत जाऊन येणारा. चित्र तेच आहे.

मॉरिस तिथेच थांबले नाहीत. त्यांनी बसखात्याकडून गणवेशाच्या नोंदी मागवल्या आणि १९५६ मध्ये सगळ्यांच्या पँटच्या कमरेची मापं मांडली. प्रत्येक वयोगटात ड्रायव्हरची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी निघाली. इथे आपण म्हणणार, ‘बघा, बसून बसून पोट सुटलं!’ पण मॉरिस सावध होते. कारण अगदी तरुण ड्रायव्हरांचीही कंबर मोठीच होती. म्हणजे कदाचित अंगाने जाड असलेली माणसंच आधी ड्रायव्हरच्या जागेकडे वळत असावीत. बसण्याने जाडी येते की जाड माणूस जास्त बसतो, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत या विषयाचा पिच्छा सोडत नाही. पुढच्या अभ्यासात मात्र एक गोष्ट दिसली. सडपातळ असो, मध्यम असो की स्थूल, कंडक्टरला अचानक मृत्यूचा धोका त्याच अंगलटीच्या ड्रायव्हरपेक्षा कमी होता. म्हणजे वजन उतरलं नाही तरी हालचालीचा फायदा मिळतोच. हे वाक्य आजच्या भाषणातलं सर्वांत महत्त्वाचं समजा.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला आहे. पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीत जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २१३ कामगारांचं वजन, त्यांचं काम आणि त्यांचा आहार यांची नोंद केली. हाही १९५६ सालचाच. एका टोकाला दिवसभर ठेल्यावर बसणारे दुकानदार, मधे कारकून, विणकर, आणि दुसऱ्या टोकाला ओझी वाहणारे आणि कोळसा ओढणारे. जास्त कष्ट करणारे जास्त खात होते, पण त्यांचं वजन वाढत नव्हतं. जेवढं खर्च तेवढंच खाणं. हे अपेक्षितच होतं. आश्चर्य दुसऱ्या टोकाला होतं. जे अगदीच बसून होते, ते कमी खात नव्हते, उलट हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, आणि वजनानेही तेच जास्त होते. शरीराची भूक मोजण्याची यंत्रणा थोडीफार हालचाल असेल तरच नीट चालते, असा त्याचा अर्थ मेयर यांनी लावला. ‘हल्ली काहीच काम नसतं, तरी सारखं काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं,’ असं माझ्याकडे येणारे निवृत्त लोक सांगतात, तेव्हा मला ही गिरणी आठवते.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली. ‘तो कितीही खातो, तरी त्याच्या अंगाला लागत नाही,’ असा एक जण प्रत्येक वर्गात असतो. आपल्या वर्गात कोण, ते तुम्हाला माहीत आहे. आजही जिलेबीच्या ताटाजवळ तोच होता. मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी १९९९ मध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. व्यायाम करायचा नाही अशी अट होती. कोणाच्या अंगावर सव्वाचार किलोच्या आसपास चरबी चढली, तर कोणाच्या अंगावर अर्धा किलोही नाही. ज्यांच्या अंगावर चढली नाही, ते नकळत जास्त हलू लागले होते. उठणं, फेऱ्या मारणं, चुळबुळ करणं. पुढे २००५ मध्ये त्यांनी दहा सडपातळ आणि दहा स्थूल माणसांच्या अंगावर हालचाल टिपणारी यंत्रं लावली. दोन्ही गट बैठेच होते, पण स्थूल माणसं सडपातळ माणसांपेक्षा दिवसाला सरासरी दोन तासांहून जास्त वेळ बसलेली आढळली. नंतर स्थूल माणसांचं वजन उतरवलं आणि सडपातळ माणसांचं वाढवलं, तरी त्यांच्या बसण्या-उठण्याच्या वेळा बदलल्या नाहीत. म्हणजे उठबस हा काही प्रमाणात स्वभाव आहे. म्हणून स्थूल माणसाला ‘आळशी’ म्हणून हिणवू नका. काहींना उठायची आठवण शरीर करून देतं, काहींना ती मुद्दाम करून द्यावी लागते, एवढाच फरक.

आता हे ऐकून कोणी ठरवेल की उद्यापासून उभं राहूनच टीव्ही बघायचा. थांबा. हिशेब करू. बसण्यापेक्षा नुसतं उभं राहण्याने मिनिटाला सुमारे ०.१५ कॅलरी जास्त खर्च होते. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हा आकडा आहे. सहा तास उभं राहिलं तर ५४ कॅलरी. म्हणजे सुमारे साडेतीन चहाचे चमचे साखर, किंवा दोन मारी बिस्किटं. सहा तास पाय दुखवायचे आणि चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली की हिशेब शून्य. त्यामुळे उभं राहून काम करायची महागडी टेबलं घेऊन पोट उतरेल, या आशेवर राहू नका.

आणि ताटकळत उभं राहणंही निरुपद्रवी नाही. आमचे सर आणि बाई वर्गात कधी खुर्चीवर बसलेले मला आठवत नाहीत. तीस-तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पायांच्या शिरा फुगल्या असतील. ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायका, पोलीस, दुकानातले विक्रेते, सगळ्यांचं तेच. खुर्चीला खिळणं वाईट आणि एका जागी उभं राहणंही वाईट. शरीराला हवी असते ती अदलाबदल: बसलेल्याने उठावं, उभ्याने चार पावलं चालावं, चाललेल्याने टेकावं.

चालणं मात्र वेगळं. अगदी रमतगमत चाललं तरी बसण्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. आणि फायदा केवळ कॅलरींचा नाही. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचं सर्वांत मोठं कोठार तेच. ते आकुंचन पावतात तेव्हा इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. तुम्ही बसलात की ते जवळजवळ झोपतात. मग साखर जास्त वेळ रक्तात राहते, शरीर जास्त इन्शुलिन सोडतं, आणि इन्शुलिन चढलेलं असताना साठलेली चरबी बाहेर पडत नाही. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डनस्टन यांनी २०१२ मध्ये ४५ ते ६५ वयाच्या, म्हणजे आपल्याच वयाच्या, वजन जास्त असलेल्या १९ जणांवर प्रयोग केला. एका दिवशी गोड पेय घेऊन पाच तास सलग बसायचं. दुसऱ्या दिवशी तेच पेय, तेच बसणं, फक्त दर २० मिनिटांनी २ मिनिटं हळू चालायचं. चाललेल्या दिवशी रक्तातली साखर सुमारे २४ टक्के कमी चढली. आपल्या घरातली मोठी माणसं जेवण झालं की शतपावली घालायची. त्या शब्दातली शंभर पावलं म्हणजे जेमतेम दीड-दोन मिनिटं.

आता आपल्या शरीराकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघं शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच: २२.३. काट्यावर दोघंही उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्यांनी गमतीने लिहिलं होतं की एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत जाऊन ते गाठणं. पण गंमत बाजूला ठेवली तर मुद्दा गंभीर आहे. आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली ठेवण. जन्मतः वजन कमी असण्याशीही तिचा संबंध असावा, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यामुळे ‘माझं वजन कॉलेजपासून तेवढंच आहे’ या वाक्यावर विसंबू नका. काटा तोच राहून आतल्या आत स्नायूंच्या जागी चरबी आलेली असू शकते.

म्हणून काट्याआधी टेप. शिंप्याची साधी टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीयांसाठी मर्यादा अशी आहे: पुरुष ९० सेंटिमीटर, स्त्रिया ८० सेंटिमीटर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, ३९.५ टक्के प्रौढांचं पोट मर्यादेबाहेर होतं. दहातले चार. या सभागृहात, आपल्या वयात, प्रमाण त्याहून जास्त असेल तर मला नवल वाटणार नाही.

मग आपल्या आज्या बसत नव्हत्या का? बसत होत्या, पुष्कळ बसत होत्या. टांझानियातल्या हाद्झा या शिकारी जमातीचा २०२० मध्ये अभ्यास झाला. ती माणसंही दिवसाला जवळजवळ दहा तास विसावलेली असतात, आपल्याइतकीच. पण ती उकिडवी बसतात, गुडघ्यांवर बसतात, आणि त्या बसण्यात पायांचे स्नायू जागे राहतात. आपल्या घरात पाट होता, जातं होतं, विळी होती, सारवण होतं. भाजी चिरायला बसायचं, फोडणी द्यायला उठायचं, पंगत वाढायला वाकायचं. पन्नास वेळा जमिनीवरून उठणं हे कामातच येऊन जाई. हे सांगताना मला जुन्या दिवसांचे गोडवे गायचे नाहीत. त्या कष्टांनी बायकांच्या कंबरा मोडल्या, आणि ओटा, गॅस, कमोड यांनी त्यांची सुटका केली. झिजलेल्या गुडघ्यांना कमोड हे वरदानच आहे. पण त्या सोयींबरोबर जमिनीवरून उठण्याची ताकदही हळूहळू गेली, हे खरं.

ती किती उरली आहे, हे पाहायची एक साधी चाचणी ब्राझीलच्या क्लॉडिओ अराउजो यांनी दिली. आधाराशिवाय जमिनीवर बसा, आधाराशिवाय उठा. बसायला ५ गुण, उठायला ५. हात, गुडघा जिथे टेकाल तिथे एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांवर त्यांनी ती करून पाहिली आणि सुमारे सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना ३ किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ८ ते १० गुणवाल्यांच्या पाच पटींच्या आसपास निघालं. गुण कमी म्हणून माणूस मरतो असं नव्हे. ताकद, तोल, लवचीकपणा आणि वजन यांचा तो एकत्र निकाल आहे. इथे लगेच करून पाहू नका! गुडघा बदललेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी तर अजिबात नको. बाकीच्यांनी घरी, शेजारी कोणी असताना करावी. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आहेत. घरात एकटे असताना पडलो, तर स्वतःचं स्वतः उठता येणं किती मोलाचं आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

आता काय करायचं, ते थोडक्यात.

एक, दर अर्ध्या तासाने उठा. गजर लावा, किंवा पाण्याची मोठी बाटली शेजारी ठेवायच्या ऐवजी लहान पेला ठेवा. तो भरायला उठावंच लागेल. फोनवर बोलताना चाला. शाळेच्या ग्रुपवरचे सुप्रभात संदेशही उभ्याने पाठवा.

दोन, दुपारी आणि रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं चाला. पलंगाकडे नंतर जा.

तीन, उठाबशा. कान धरायची गरज नाही. हात नसलेल्या पक्क्या खुर्चीवरून, जमल्यास हात न टेकता, दहा वेळा उठा-बसा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. शाळेत जी शिक्षा होती, ती या वयात औषध आहे. चालण्याने साखर उतरते, पण मांडीचा स्नायू टिकवायला हेच लागतं. त्याच्या जोडीला ताटात डाळ, उसळ, दही, अंडं यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा हवं.

चार, रोजचा व्यायाम सोडू नका. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा रोज ६० ते ७५ मिनिटं असा व्यायाम करणाऱ्यांमध्ये आठ तास बसण्याचा धोका जवळजवळ पुसला गेलेला दिसला. ज्यांची नोकरी वा दुकान खुर्चीवरच आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पाच, पोट उतरवायचं असेल तर खाण्याचा हिशेब चुकणार नाही. नुसत्या उठबशीने घेर फार कमी होत नाही, पण वाढणं रोखायला मदत होऊ शकते, आणि आपल्या वयात तेही कमी नाही. छातीत दुखलं, धाप लागली तर थांबा आणि डॉक्टरांना गाठा. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

शेवटी संयोजकांना एक विनंती. पुढच्या मेळाव्याला जेवणाची एक पंगत जमिनीवर बसवा. ज्यांना खाली बसणं शक्य नाही त्यांच्यासाठी खुर्च्या असू द्याच, आणि कोणी कोणाला हसू नका. पण ज्यांना सराव करून जमू शकतं, त्यांना तीन वर्षं आहेत. वाढायला मी येईन, आणि सर-बाईंच्या पानापासून सुरुवात करीन.

आता सगळ्यांनी उठा. चहा तयार आहे आणि तो मुद्दाम मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला आहे.